पाकीट फोडू नये

१२ ऑगस्ट १९९८, बुधवार
पोस्टात गेलो. पक्ष्यांचं नवीन तिकीट आलं का, विचारलं. काउंटरवरच्या रिटाने "नाय आलं" म्हणून नेहमीचंच पुढे सरकवलं. तेही असं फाडलं की एक कोपरा शेजारच्या तिकिटाकडेच राहिला. हल्लीच्या तिकिटांना डिंक नाही, रंग नाही, भोकं अर्धवट. त्यात ही बाई शिक्का मारते की मिरच्या कुटते, कळत नाही. काळा डाग. ना गाव दिसत, ना तारीख.

जानेवारीत ठाण्याला जिल्ह्याचं तिकीट-प्रदर्शन. माझी फ्रेम लागणार आणि पदक मिळणार, हे नक्की. फक्त स्वच्छ शिक्क्याची पाकिटं हवीत.

योजना: मुलगी विनिता बडोद्याला आहे. तिथे संग्राहकांसाठी वेगळी खिडकी आहे म्हणतात. तिला कार्ड टाकलं. प्रत्येक नवं तिकीट पांढऱ्या पाकिटावर लावून मला पाठवावं. आत फक्त ताठ पुठ्ठा. स्टेपल नको.

तिच्या लग्नानंतर दीड वर्षात हे माझं पहिलं पत्र. रजिस्टर लग्नाच्या दिवशी मी तिला म्हणालो होतो, मी बोलावल्याशिवाय दारात येऊ नकोस. ते रागात. आता तिला तिकिटं मागून मी मोठ्या मनाने माफ केलं आहे. शब्दात सांगायची गरज नाही. समजेल ती.

२ सप्टेंबर
पहिलं पाकीट आलं! तिकीट सरळ, शिक्का बरा. आत एकाऐवजी दोन-तीन पुठ्ठे घातलेले दिसतात, हाताला जाड लागतं. मुलगी माझ्यावर गेली आहे.

फोडलं अर्थातच नाही. फोडलेलं पाकीट म्हणजे उष्टं ताट. विनिताची आई, मीरा, असती तर दारातच टर्रकन फाडून मोकळी झाली असती. तिला जाऊन तीन वर्षं झाली, पण तिने फाडलेली पाकिटं अजून डोळ्यांसमोर येतात.

२१ सप्टेंबर, दुपारी
दुसरं पाकीट बैरंग. वजन जास्त, तिकीट कमी, म्हणून दंड भरायला पोस्टात बोलावलं. रिटा म्हणाली, "काका, आत पत्र हाय. पोरीचं पत्र कोन असं न वाचता ठेवतं?" मी विचारलं, लोकांचं टपाल चाचपून बघणं खात्याच्या कुठल्या नियमात बसतं? दंडाची पावती फाडून दिली. आज मी जिंकलो.

मात्र बैरंगचा शिक्का मिळाला, तो दुर्मीळ. विनिताने मुद्दाम केलं असेल.

९ ऑक्टोबर
तिसरं. नापास. पुठ्ठाच नाही, नुसतं मऊ आणि फुगलेलं. एक कोपरा दुमडलेला. ताबडतोब कार्ड टाकलं: "आत कागद भरू नयेत. पाकीट फुगतं, शिक्का नीट बसत नाही. सूचना पाळाव्यात." खाली आशीर्वादही लिहिले. जागा होती.

२० ऑक्टोबर, दिवाळी
वरच्या मजल्यावरच्या सेलिनबाई केक घेऊन आल्या आणि उभ्या उभ्या म्हणाल्या, "जयवंतभाऊ, विनिताला आनायला कधी जाताय? सातवा सरंल आता." त्यांची बेला आणि विनिता शाळेपासूनच्या मैत्रिणी. बेलाला फोन येतात. म्हणे सगळं तुम्हाला लिवलंय, तुमच्या उत्तराची वाट बघते.

मी आजोबा होणार आणि मला कळतं केकबरोबर!

एकही पत्र आलेलं नाही. म्हणजे गहाळ. म्हणजे रिटा. सूड उगवते आहे. तक्रार लिहायला घेतली.

२३ ऑक्टोबर
तक्रार दिली, तीन पानं, कार्बन कॉपीसह. "माझ्या कन्येची अत्यंत महत्त्वाची पत्रे आपल्या काउंटरवरून नाहीशी होतात." रिटाने स्वतःच पोच दिली. शिक्का परत काळा.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच आहे. सेलिनबाई म्हणतात, बाळंतिणीचं सगळं मी बघीन. मी काय नाही म्हणणार आहे? पण तिने आधी विचारायला हवं. आईविना पोर असली तरी एक पद्धत असते. पत्र मिळू दे, लगेच निघतो. आतल्या खोलीत मीराच्या पलंगावर अल्बम आहेत, ते हलवायला लागतील. कुठे, ते बघू.

१६ नोव्हेंबर
चौथं पाकीट. पातळ. सुधारणा आहे. पण पत्ता गिचमिड, शाई एका जागी फुटलेली. प्रवासात पाणी लागलं असावं. पोस्टमन ऑगस्टीनला झापलं. तो म्हणाला, "पाऊस कुठाय साहेब?"

९ डिसेंबर
फ्रेमसाठी चारही पाकिटं कोपऱ्यांत बसवली. सुंदर दिसतात. तक्रारीचं उत्तर आलं: तपास केला, गहाळ टपाल आढळले नाही. एकमेकांना सांभाळून घेतात.

मध्येच वाटलं, एक पाकीट उजेडासमोर धरून बघावं. धरलं नाही. आत कागद नको, असं मी तिला लेखी कळवलं आहे. तरी तिने लिहिलं असेल असं समजणं म्हणजे पोटच्या पोरीवर अविश्वास.

नववा लागून गेला असेल. अजून पत्र नाही. पलंग अजून रिकामा झालेला नाही.

४ जानेवारी १९९९, सोमवार
पोस्टकार्ड. तिच्या नणंदेचं, हेतलचं, हिंदीत. ३० तारखेला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. भाभीने आपकी बहुत राह देखी.

राह कसली? मला कोणी सांगितलं? कोणी बोलावलं?

संध्याकाळी
वाफेवर धरून उघडावं म्हणून भांडं चढवलं. मग गॅस बंद केला आणि फाडली. चारही. टर्रकन.

पहिल्यात सहा पानं. "बाबा, पुठ्ठ्याबरोबर पत्रही घालते, रागावू नका. तुमचं कार्ड आलं आणि मी किती रडले." दुसऱ्यात: "तुम्ही न्यायला याल ना? इथे सगळे विचारतात." तिसऱ्यात आईची साडी मागितली आहे, बाळाला गुंडाळायला, ती मोतिया रंगाची. चौथ्यात एकच ओळ: "सूचना कळल्या. एकदा ये म्हणा, मी एकटी येईन."

शाई जिथे फुटली होती, तिथे प्रवासात पाणी लागलेलं नव्हतं.

५ जानेवारी
अल्बम खाली ठेवले. पलंग पुसला. साडी सापडली. प्रदर्शनवाल्यांना नाव मागे घेतल्याचं कळवलं.

आजच निघणार होतो. पण उगाच अंगावर जाऊन पडण्यापेक्षा बोलावणं रीतसर, लेखी असावं. पत्र लिहिलं, माफी मागितली, ये म्हणालो. रजिस्टर केलं, पोचपावतीसह. रिटा म्हणाली, "पत्र कशाला काका? गाडीत बसा ना." मी म्हणालो, तिचं उत्तर आलं की बसतोच. तक्रारीबद्दलही बोलायचं होतं. मागे रांग होती.

११ जानेवारी
पोचपावती परत आली. विनिताची सही, तारीख ८. मिळालं! आता उत्तर येईल. सेलिनबाईंना सांगितलं, डिंकाच्या लाडवांचं बघा.

१३ जानेवारी, बुधवार
पाकीट आलं. ऑगस्टीनची वाट न बघता पोस्टातच जाऊन घेतलं आणि काउंटरवरच फाडलं.

पुठ्ठा. ताठ, कोरा. दोन्ही बाजूंनी कोरा. पाकिटात बोटं घालून बघितलं. रिटानेही पाकीट उलटं करून झटकलं. आत कागद नाही. सगळ्या सूचना पाळल्या आहेत.

म्हटलं, माझं पत्र मिळायच्या आधी टाकलं असेल. आधीच टाकलं असणार. रिटाने पाकीट माझ्यापुढे ठेवलं.

पक्ष्याचं तिकीट. बडोद्याचा शिक्का गोल, स्वच्छ, एक अक्षर पुसट नाही. असा शिक्का उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. तारीख चष्म्याशिवाय वाचता येते. ९ जानेवारी.