फ्रेंच सिनेमातला थोरला भाऊ

मिरकाब, कुवेत
३ मार्च १९६४

जगातल्या तमाम थोरल्या भावांनो! (पत्र तुला एकट्यालाच आहे, महबूबभाई, पण तूही थोरलाच, म्हणून सभेसारखी सुरुवात केली.) धाकट्यांना आपण बोट धरून चालायला शिकवायचं आणि चालता आलं की त्यांनी आपल्यालाच पाठ दाखवायची, हा अन्याय कुठवर सोसायचा? असो. सलाम. तुझा गुडघा कसा आहे? शहरबानूभाभींना सलाम, मुलांना दुआ. आमच्या अम्माला अक्षर येत नाही, शेजारी म्हणून माझी पत्रं तूच तिला वाचून दाखवतोस; अल्लाह तुला उदंड आयुष्य देवो.

माझा धाकटा भाऊ सिराज तुला ठाऊकच आहे. एकोणीस वर्षांचा, इथे गॅरेजात कामाला, आणि रोज संध्याकाळी गायब. कुठे जातोस, हे मी विचारलं नाही. बिघडलाय हे दिसत असताना विचारायचं कशाला? गेल्या महिन्यात खोलीतल्या सगळ्यांसमोर त्याला ‘तरुणांचा अधःपात’ या विषयावर पाऊण तास सुनावलं. (भाषण उत्तम झालं. दोघे झोपले, पण ते दमलेले होते.) दुसऱ्या दिवशी तो वळकटी उचलून गॅरेजातच राहायला गेला.

आता शुक्रवारची हकीकत. आम्ही गच्चीवर चादर बांधून सिनेमा पाहतो. मागवला होता हिंदी, डब्यातून निघाला फ्रेंच! साठ माणसं मांडी घालून बसलेली. खोलीतला यूसुफ ओरडला, ‘मुनव्वरभाई एवढी पुस्तकं वाचतात, तेच सांगतील!’ फ्रेंच मला येत नाही. पण लोकांनी उभं केल्यावर मी कधी खाली बसलोय का?

पडद्यावर दोन भाऊ. धाकटा उनाड, टोळक्यात फिरणारा, सायकल चोरणारा. मी त्याला फाडून काढला. थोरल्याच्या तोंडी इतके सद्विचार घातले, की बिचारा सिगारेट ओढतानाही बोलत होता. (यूसुफ म्हणे, ‘ओठ हलत नाहीत, मग बोलतो कुठून?’ मी म्हटलं, ‘अंतरात्म्यातून. गप्प बस.’) पुढे थोरला धाकट्याला चारचौघांत थोबाडीत मारतो, धाकटा घर सोडतो आणि शेवटी थोरला त्याला गोदीवर गाठतो. मी गरजलो, ‘तो म्हणतो, माफी माग!’

मागून आवाज आला, ‘भाई, तो तसं नाही म्हणत.’

सिराज! पाण्याच्या टाकीला टेकून उभा. ‘तो म्हणतो, मी तुला नुसतं सुनावलं. कुठे जातोस, ते कधी विचारलं नाही.’

साठ माना माझ्याकडे वळल्या. लोकांनी रीळ परत लावून सगळा सिनेमा त्याच्याकडून पुन्हा ऐकला. सायकल चोरलेली नव्हतीच, मागून आणलेली होती! गॅरेजातला लेबनानी मिस्त्री सिराजला रोज संध्याकाळी फ्रेंच शिकवतो. तिथल्या इंजिनांची पुस्तकं त्याच भाषेत आहेत म्हणे. आणि मी अधःपातावर पाऊण तास!

जिन्यात त्याला गाठून विचारलं, ‘कुठे जातोस रे संध्याकाळी?’ तो हसला. ‘आता विचारताय?’ पण वळकटी घेऊन काल परत आला.

तुझा,
मुनव्वर

ता. क. सायकलीचा भाग अम्माला वाचू नकोस. ती त्या फ्रेंच पोराचीही काळजी करत बसेल.

दुसरा ता. क. हे पत्र विमानाने पाठवतोय, कारण माझं एक चार पानी पत्र आधीच आगबोटीने निघालंय. त्यात अम्माला लिहिलंय, की सिराज वाया गेला, त्याला परत बोलाव. तिने बोलावलं तर तो एक दिवसही इथे थांबणार नाही. महबूबभाई, तमाम थोरल्यांच्या वतीने सांगतो: ते पाकीट आलं की फोडू नकोस, सरळ चुलीत घाल.