डबा पुन्हा भरला कोणी?

अहो,

तुम्ही होतात तोवर पत्र लिहायची वेळच आली नाही, आणि आता लिहितेय ते भांडायला. तुमच्याशी नव्हे हो! पण आज दुपारी जे ऐकलं, ते दुसऱ्या कोणाला सांगू?

तुमचे कारखान्यातले जोडीदार शांतवन भाऊजी. तुम्ही गेल्यापासून दर बाजाराला राहात्याहून गूळ-भाजी आणतात आणि उंबऱ्यावरूनच मागे फिरतात. सख्खा दीर एवढं करत नाही. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती.

कारखान्यात सगळ्यांच्या तोंडी एकच. मोटारीच्या कंडेन्सरला तार न लावता हात घातला, विजेचा झटका बसला, निष्काळजीपणा नडला. तुमच्या मातीला आपल्या चर्चचे पाळकसाहेबसुद्धा सावधपणावर बोलले! तुम्ही आणि निष्काळजी? दिव्याचं बटण दाबायच्या आधी मला हात पुसायला लावणारे तुम्ही!

तो कंडेन्सरचा लोखंडी डबा तुम्हीच मला समजावला होता ना? मोटार कामापुरती वीज घेऊन गप्प बसत नाही, वर थोडी नुसती ये-जा करणारी वीजही मागते. ती डबा जवळूनच पुरवतो, म्हणून लांबच्या तारा तापत नाहीत. पण खटका बंद केला तरी डब्याच्या पोटात वीज राहते. दोन टोकांना तार लावून ती काढायची, मगच हात. "असला पोटात ठेवणारा घरात नको बाई," मी म्हटलं, तर किती हसलात!

आज भाऊजींना बळेच आत बसवलं, चहा दिला आणि सरळ विचारलं, "यांनी तार लावली नव्हती?"

"लावली हुती की. चट्‌दिशी ठिणगी बी उडाली," ते बोलून गेले.

"मग डबा पुन्हा भरला कोणी?"

कप खाली ठेवून म्हणाले, "ते पाना आनाया गेल्ते. मला वाटलं, काम झालं. एकडाव खटका वर केला, वहिनी. लगीच खाली बी केला. त्यांना सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

एकदाच! एवढ्यानेच भरतो ना हो तो?

तुमचाही राग येतो. परत आल्यावर पुन्हा तार लावली असती तर काय बिघडलं असतं? जोडीदारावर इतका कसला भरवसा?

भाऊजी रडले. मीही रडले, पण गूळ परत दिला. म्हटलं, रविवारी देवळात सगळ्या मंडळीसमोर हेच सांगा. "सांगतो" म्हणाले. माझा विश्वास नाही. म्हणून तुम्हाला वचन देते, उपासना संपायच्या आत ते उठले नाहीत, तर बायकांच्या बाकांवरून मी उठेन.

तुमचीच,
सगुणा