पॉइंटमधलं पान

८ नोव्हेंबर २००४, सोमवार

आता ही सवत जाते घरातून एकदाची!

आड्याळचा लिलाधर गाडी पाहून गेला. बगळीभोवती फिरला, टायरला लाथ मारली, आत बसून शीट दाबून पाहिली. बगळी हे नाव ह्यांनीच ठेवलेलं, गाडी पांढरीशुभ्र होती तेव्हा. आता पिवळी पडली आहे. लिलाधर म्हणाला, "काकीजी, गाडी मले पसंत हाय. पण सुरू तं व्हावं ना! सुरू करून ठेवा, एकवीस तारखेले आयतवार हाय, चालवतच नेतो. नाही झाली तं मले नोको. ढकलत आड्याळले नेऊ का?"

हे म्हणाले, "ने बाप्पा."

बस, दोन शब्द. काचबिंदूनं डोळे नेले तेव्हापासून हा माणूस असाच. हाक मारली की येतात, ताट चाचपतात, जेवतात, आणि भिंत धरत धरत पुन्हा शेडमध्ये. बगळीच्या स्टिअरिंगमागे जाऊन बसतात ते दिवे लागेपर्यंत. माझ्याशी बोलणं नाही. भांडणंसुद्धा नाही! यादोराव मिस्त्री म्हणजे पवनीतलं सगळ्यांत बोलकं तोंड होतं एकेकाळी. पाटबंधारे खात्यात साहेबालाही बोलू देत नसत.

वर्ध्याहून भावनाचा फोन आला की तिचं एकच पालुपद. "आई, ते गाडी काढ तू. बाबा तिच्यातच गाडले जाऊन राहिले." पोरीचं खरं आहे. गाडी गेली की घरात बसतील. घरात बसले की बोलतील.

९ नोव्हेंबर

गॅरेजचा मिस्त्री बोलावला. डिस्ट्रिब्युटरचं टोपण उघडलं, तोंड वाकडं केलं. म्हणे इंजिनाला ठिणगी वाटून देणारं हे डिस्ट्रिब्युटरच अख्खं बदला. विकायच्या गाडीत नवं सामान घालू? पेन्शन काय झाडाला लागते! चहा पाजून वाटेला लावला त्याला.

मग म्हटलं, मीच करते. गाडी आली तेव्हापासून बॅटरी धरून कोण उभं होतं? मीच ना! पाना दे, पेचकस दे, उजेड इकडे कर, अवं इकडे, तिकडे कोण हाय तुयं! सगळं पाहिलेलं आहे.

शेडमधून आवाज आला — "तुले काय येते त्यातलं?"

अगं बाई. चार शब्द!

१० नोव्हेंबर

टोपण काढलं. आत उंदरानं कापूस नेऊन ठेवला होता. वायरी काढण्याआधी प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला, बालवाडीत पोरांच्या चपलांना बांधत होते तसा. ह्यांना सांगितलं तर हसले. खरंच हसले.

११ नोव्हेंबर, गुरुवार

आज खुर्ची टाकून दिली ह्यांना बगळीच्या मडगार्डजवळ. टोपण हातात दिलं. मला काहीच दिसत नव्हतं त्यात, चष्मा लावूनही. ह्यांनी नख फिरवलं आतून, दोनदा. "हे पाय. इथं चीर हाय. दव पडला की ठिणगी या चिरीतून पळते. मंग गाडी कायले सुरू होते?"

मी म्हटलं, आता नवं टोपण?

"नवं कायले? भावनाची नखं रंगवाची शिशी आसंल पाय कपाटात."

होती! लाल, घट्ट झालेली. ह्यांच्या सांगण्यावरून चीर आधी टोकानं खरवडली, पेट्रोलच्या बोळ्यानं पुसली, उन्हात ठेवली, मग वरून रंगाचे दोन हात. भावना कॉलेजात होती तेव्हाची शिशी. तेव्हा मी तिला ओरडले होते, हे काय नखरे म्हणून. ह्यांनी आठवण काढली ती. मग तिच्या पहिल्या सायकलीची. मग दसऱ्याला बगळीत दाटीवाटीनं बसून दीक्षाभूमीला गेलो होतो त्याची — मागे पाच, पुढे तीन, आणि उमरेडपाशी पंक्चर! बोलत होते, बोलत होते. भात करपला माझा. करपू दे.

१३ नोव्हेंबर

पॉइंट घासले आज. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन बारीक टिकल्या असतात, त्याच ह्या. एकमेकींना भेटतात, दूर होतात, तेव्हा ठिणगी पडते. किती दूर, ते मापानं ठरतं. मापपट्टी शोधली, सापडली नाही. हे म्हणाले, "ते पट्टी मी कधी वापरली? पान आण."

तेंदूचं पान! माझ्या सासूबाई बिड्या वळायच्या, आणि ह्यांनी जन्मभर पॉइंटचं अंतर बिडीच्या पानानं घेतलं. वाळलेलं, शिरेजवळचं नाही, दुहेरी घडी घालून. टिकल्यांमध्ये सरकवायचं, पान अडकू नये आणि ढिलंही पडू नये. शेजारच्या शकुनबाई अजून वळतात, त्यांच्याकडून चार पानं आणली. त्यांनी विचारलं, "मास्तरीणबाई, आता बिडी वढता का जी?"

घरी येऊन सांगितलं तर हे इतके हसले की ठसका लागला!

१४ नोव्हेंबर, रविवार

आज हात लावला नाही कामाला. नुसत्याच गप्पा. सामान पुढ्यात मांडलेलं, पण गप्पा.

मंडईचे दिवस जवळ आले. भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे जत्राच, आणि मंडई म्हटली की नाटक. एकोडी माझं माहेर. लग्नानंतर कितीतरी वर्षं तिथल्या मंडईला बगळीनं गेलो. नाटक पहाटेपर्यंत चाले. गावातली पोट्टी मोठी वस्ताद, उभी गाडी सुरू करून तळ्यापर्यंत चक्कर मारून आणायची! म्हणून हे गाडी लावली की आधी डिस्ट्रिब्युटरमधला रोटर काढायचे. मधोमध फिरतो तो एवढासा तुकडा. तो नसला तर कोणाच्या बापाची गाडी हलत नाही. काढायचे आणि माझ्या हातावर ठेवायचे. मी पदरात बांधायची. रात्रभर नाटक पाहायचं आणि मधूनमधून गाठ चाचपायची.

"एकदा तू पदराची गाठ तशीच घेऊन माहेरी राह्यली, आठवते?"

आठवते! हे बिचारे मला सोडून निघाले आणि गाडी काही सुरू होईना. तळ्याकाठी माझ्या भावाच्या दारात पुन्हा हजर. बाकी सगळे हसत होते, आणि हे मुद्दाम रागावल्यासारखं करत होते. जायचंच नव्हतं त्यांना.

किती दिवसांनी आठवलं हे सगळं! दिवा मालवला तरी हसू येत होतं.

१७ नोव्हेंबर, बुधवार

लागली! लागली! लागली!

ठिणगीला जोर देणारा कंडेन्सर भंगारातून आणला होता, तो बसवला, दोऱ्यांचे रंग पाहून वायरी लावल्या. किल्ली फिरवली, खोकली, पुन्हा फिरवली आणि घर्रर्र! शेडमधले चिमण्यांचे थवे उडाले. शकुनबाई धावत आल्या. मी ह्यांचा हात धरून बॉनेटवर ठेवला. थरथर लागत होती हाताला.

"बरं झालं," म्हणाले.

संध्याकाळी जेवताना पुन्हा गप्प. विचारलं, भाजी कशी झाली? मान हलवली नुसती.

१८ नोव्हेंबर

सकाळी किल्ली फिरवली — ठप्प! टोपण उघडलं तर पॉइंटमध्ये तेंदूचं पान! टिकल्या एकमेकींना भेटणार कशा? मीच काढायला विसरले असेन. पण मग काल लागली कशी? जाऊ दे. म्हातारपण, दुसरं काय. काढलं, लागली.

हे मात्र ठप्प झाली तेव्हापासूनच खूश. "पाह्यलं? नखं रंगवाची शिशी नाई टिकली आसंल!" म्हणत खुर्ची ओढून आलेच. मग दुपारभर बाप्पा, पवनीला पूर आला होता तेव्हा नाव वल्हवत पंपघर कसं गाठलं, ती गोष्ट. शंभरदा ऐकलेली. पुन्हा ऐकली.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

पुन्हा ठप्प. पुन्हा पान.

आज नीट पाहिलं. माझी पानं मी पेटीत ठेवली होती, मोजून नाही, पण घडी घातलेली. हे पान घडीचं नव्हतं. कडा दातानं कुरतडून बारीक केलेल्या. मी कात्री वापरते.

मी सकाळी नळावर जाते तेव्हा घरात दुसरं कोण असतं?

शेडच्या दारात टेकून उभी राहिले. हे खुर्चीवर बसून कान देऊन होते. मी काय करते ते ऐकत होते. अवो यादोराव! डोळे नाहीत आणि टोपण काढून, रोटर उचलून, बरोब्बर टिकल्यांच्या मध्ये पान घातलं तुम्ही! गाडीसाठी नाही. गाडी द्यायला तर पहिल्याच दिवशी तयार होतात. दुरुस्ती संपली की मी स्वयंपाकघरात जाईन, मग कोणाशी बोलायचं, म्हणून.

आणि मी इतके दिवस त्या बिचाऱ्या गाडीला सवत म्हणत होते. मला रडूच आलं. आवाज होऊ दिला नाही.

पान होतं तसं परत ठेवलं. टोपण लावलं. म्हटलं, "पॉइंटच खराब दिसतात जी. पुन्हा घासावं लागंल."

"मी म्हणतच होतो!" म्हणाले. दिवसभर बसलो.

२० नोव्हेंबर, शनिवार

आज वेगळंच. सकाळपासून कपाळाला आठी. दुपारी म्हणाले, "तुळसा, उद्या देऊनच टाकू गाडी. भावना बरोबर बोलते. तुयी कंबर मोडून राहिली माझ्यापायी. थंडीत फरशीवर बसते, मले आयकू येते ना कण्हणं."

मी म्हटलं, पाहू उद्या.

काय पाहू? गाडी गेली तर शेड रिकामी, आणि हे घरात येऊन भिंतीकडे तोंड करून बसतील. मला आता कळतं ना! त्यांचं पान लिलाधर पटकन ओळखेल, गाड्यांतलाच माणूस तो. काढून फेकेल आणि घेऊन जाईल. पानावर भरवसा नाही.

म्हणून हे संध्याकाळी नळावर हातपाय धुवायला गेले तेव्हा टोपण उघडलं. पान होतं जागच्या जागी. त्याला हात लावला नाही. रोटर काढला आणि पदरात बांधला. गाठ दोनदा आवळली. भावनाला काय सांगायचं ते नंतर पाहू.

२१ नोव्हेंबर, रविवार

लिलाधर आला, बरोबर सांगितलेल्या वेळेला. किल्ली फिरवली. नाही. पुन्हा फिरवली. नाही. बॅटरी चांगली म्हणतो, पेट्रोलचा वास येते, मग काय झालं? टोपणाला हात घालणार तोच हे खुर्चीवरून म्हणाले, "नोको रे बाप्पा, उघडू नोको. डिस्ट्रिब्युटरच गेलं तिचं. याच्यापुढं काही खरं नाही. तुले फसवून मले पाप लागंल."

इतक्या गंभीर तोंडानं, की मलाही खरं वाटावं! लिलाधरनं चहा घेतला. "काकाजी, तुमी खरं बोलले, बरं वाटलं," म्हणाला आणि गेला आपल्या फटफटीवर.

मनात म्हटलं, पाहा कसं झाकतात आपलं पान!

तीच तारीख, दुपारी

हात पुढे करून ह्यांनी माझ्या तळव्यावर काहीतरी ठेवलं. पान. दातानं कुरतडलेलं.

"तू नळावर गेली तवा हे सकाळीच काढून घेतलं होतं मी. द्यायचीच ठरवली होती तुयासाठी. पण हात घातला, तं रोटरच नाही तिथं!" आणि हसायला लागले. "सोड आता पदराची गाठ. सुरू कर बगळीले. बसू दोघं जरा वेळ."