काट्याच्या रांगेतला सातवा ट्रॅक्टर

इंदापूर, बुधवार

तीर्थरूप हिंदुरावमामा,

वरकुट्याच्या निकिताचा तुम्हाला आणि मामीला वाकून नमस्कार.

मामा, जी गोष्ट मी परक्या गावांतल्या पुरुषांना माईकवरून सांगते, ती माझ्या सख्ख्या भावाला कशी सांगायची? मला या प्रश्नाचं उत्तर येत नाही. बी.ए.ला ते नव्हतं, आणि बारामतीला संस्थेनं पंधरा दिवस प्रशिक्षण दिलं त्यातही नव्हतं (तिथं आपण लाजायचं कसं नाही हे शिकवलं, समोरचा लाजून अर्धमेला झाला तर काय करायचं, हे राहून गेलं). तेव्हा उत्तर बाजूला ठेवते आणि आधी तुमची खुशाली विचारते. मामीचा गुडघा कसा आहे? तुम्ही कंपनीतून आल्यावर अजून उभ्यानंच चहा पिता का? इकडं सगळं ठीक. आईची तब्येत उत्तम आहे, म्हणजे ती सगळ्यांवर ओरडते आहे. खरं तर फोनच करणार होते, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवता आणि तुमच्या क्वार्टरच्या भिंती पातळ आहेत. वालचंदनगरात तुमचं नाव आहे, ते माझ्या विषयामुळं जाऊ नये म्हणून कागद घेतला.

माझं काम काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. आई मात्र लोकांना सांगते की पोरगी लहान मुलांची वजनं करते. (मी तिला एकदा समोर बसवून नीट समजावलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं हाय. पर तुझ्या लग्नाच्या बोलणीत ह्यातलं कायबी काढू नगंस.") काम साधं आहे. कुटुंब दोघांचं, मग ते केवढं ठेवायचं याचा भार एकट्या बाईनं का सोसायचा? बाईचं नसबंदीचं ऑपरेशन मोठं; पुरुषाचं पंधरा-वीस मिनिटांचं, टाका नाही, त्याच दिवशी घरी. तरीही आमच्या वहीत बायकांची नावं पानंच्या पानं भरलेली, आणि पुरुषांची नावं तीन. त्यातलं एक चुकून लिहिलेलं.

मी हे एवढ्या तळमळीनं सांगते याचं कारण घरातच आहे. अनितावहिनीच्या दुसऱ्या बाळंतपणात किती रक्त गेलं ते तुम्ही पाहिलंय. तुम्हीच शिफ्ट सोडून रक्त द्यायला आला होतात. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं की तिसरं मूल जिवावर बेतेल, आणि अंगात रक्त इतकं कमी की इतक्यात तिचं ऑपरेशनही नको. वहिनीला दोन मुलींवर थांबायचंय. आईला नातू पाहिजे. आणि अजितदादाला काय पाहिजे हे कळायला मार्ग नव्हता, कारण तो दोघींना एकच उत्तर द्यायचा, "बघू." आईला वाटायचं, बघू म्हणजे हो. वहिनीला वाटायचं, बघू म्हणजे नाही. असं वर्ष गेलं. दर महिन्याला वहिनीचा चेहरा चार दिवस आधीपासून उतरायचा, ते मी पाहत होते आणि तिच्या शेजारी बसून भाजी निवडत होते. दादाला काही म्हणायची माझी छाती झाली नाही. बहिणीनं भावाशी असलं बोलायचं नसतं हे मला कुणी शिकवलं नाही, पण येतं ते.

तर आता पुरुषांच्या बैठकांचं सांगते. पहिली बैठक ग्रामपंचायतीत घेतली. चारजण आले. दोघं लाइटबिलाची तक्रार घेऊन आले होते, एक पंख्याखाली झोपायला, आणि चौथा त्याला उठवायला. दुसरी लासुर्ण्यात, आणि तिथं मात्र तुडुंब गर्दी झाली. सगळ्या बायका. कुठले कुठले पुरुष येतात ते बघायला आल्या होत्या, त्यामुळं एकही आला नाही. परत येताना माझी जोडीदार शबीना म्हणाली (इंदापूरची, गुलजारचाचांची मुलगी, चाचांचा टेम्पो आहे), "निकिता, माणूस जितनं उठून जाऊ शकत न्हाय, तितं त्याला गाठायला पायजे."

आणि मामा, मला एकदम उजाडलं. सध्या गाळप जोरात आहे. कारखान्याच्या वजनकाट्यापुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. सहा-सहा, आठ-आठ तास. नंबर जाईल म्हणून कुणी जागा सोडत नाही. जेवण तिथं, झोप तिथं, भांडणंही तिथंच. असे पन्नास पुरुष सलग बसलेले, जवळपास एकही बायको नाही! मी परवानगी काढली, चित्रांचा तक्ता घेतला, गळ्यात अडकवायचा स्पीकर घेतला आणि शनिवारी दुपारी शबीनाबरोबर रांगेच्या तोंडापाशी उभी राहिले.

फुशारकी मारत नाही, पण मी छान बोलले. सुरुवातीला मंडळी आभाळाकडं, टायरकडं, उसाच्या मोळ्यांकडं बघत होती. दहा मिनिटांत हसायला लागली, वीस मिनिटांत प्रश्न विचारायला लागली. पोतं कधी उचलता येतं? आठ दिवसांनी. मिशा जातात का? नाही. (हे विचारणाऱ्याला मिशा नव्हत्या.) मग लासुर्ण्याचे महिपतीतात्या मोळीवरून खाली उतरले. वय सत्तरीचं, मुलगा जेवायला गेला म्हणून नंबर राखत बसलेले. म्हणाले, "पोरी, तुझं समदं पटतंय. पर तुझ्या घरात कुणी केलंय का?"

मामा, खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगवेना. म्हणून प्रशिक्षणात सांगितलेली युक्ती केली: उदाहरण द्या, नाव बदला. मी नाव बदललं. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं. म्हटलं, माझ्या ओळखीतली एक शोभा आहे. दोन मुली. दुसऱ्या खेपेला मरणाच्या दारातून आली. ती रोज जीव मुठीत धरून जगते आणि तिचा नवरा वर्षभर एकच शब्द बोलतो, बघू. तुम्ही काय म्हणाल अशा माणसाला?

लोकांनी बरंच म्हटलं. एकजण म्हणाला, त्याला ट्रॉलीमागं बांधून काट्यावर घ्या. दुसरा म्हणाला, "वरीसभर बघतुय व्हय? मग चष्मा लावा म्हणावं त्याला!" सगळी रांग हसली. तात्या मात्र हसले नाहीत. म्हणाले, "बायकू तिरडीवर जाईल तवाबी बघतच बसंल त्यो." मग सातव्या ट्रॅक्टरवर एकजण तोंडाला टॉवेल गुंडाळून बसला होता, त्याच्याकडं वळून म्हणाले, "तुमी काय म्हणता वो टावेलवालं? मघाधरनं गप हायसा."

टॉवेल खाली आला. अजितदादा.

(तो ट्रॅक्टर मला मागून कुठंही ओळखता येतो, मागं आईचं नाव रंगवलेलं आहे. मी पुढून आले होते. आणि तो सकाळीच ऊस खाली करून घरी गेला असेल असा माझा हिशोब होता.) त्याला पळता येईना, नंबर गेला असता. मला पळता येईना, रजिस्टरवर सह्या घ्यायच्या होत्या. तात्यांनी त्याला ओळखलं, मग माझ्याकडं पाहिलं. आम्हा दोघांचं नाक आईचं आहे, म्हणजे मामा, तुमचंच. ते कुठं लपतं? सगळ्या रांगेच्या माना आमच्याकडं वळल्या. आणि मी सवयीनं माईकमध्ये बोलून गेले, "आता पुढचं चित्र पाहू." शेवटी तात्यांनीच सुटका केली. हळू आवाजात म्हणाले, "अजितराव, रांग सरकली. फुडं घ्या."

दादा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. मीठ पाहिजे असलं तरी थोरल्या मुलीला सांगायचा, "आत्याला म्हण, मीठ दे." वहिनीला मी सगळं कबूल केलं आणि माफी मागितली, कारण गोष्ट तिची होती आणि मी तिला न विचारता पन्नासजणांत सांगितली. तिनं आधी हातातली भाजी निवडून संपवली. मग म्हणाली, "मी त्यांना वर्षात जे सांगू शकले न्हाय, ते तू सगळ्या रांगेला सांगितलंस." रागावून म्हणाली की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. सोमवारी दोघं गोठ्यापाशी बोलत बसले होते. काय बोलले ते मी ऐकलं नाही (ऐकू येईल इतकी जवळ गेले होते, पण म्हैस मध्ये आली).

एवढंच कळवायचं होतं. काळजी नसावी. तब्येतीला जपा.

तुमची भाची,
निकिता

ता. क. एक काम होतं. अजितदादाला आठ दिवस तुमच्याकडं ठेवून घ्या. घरी ट्रॅक्टर दारातच उभा आहे, हंगामाचे दिवस, तो दुसऱ्या दिवशी त्यावर चढून बसेल. त्यानं जड उचलायचं नाही आणि ट्रॅक्टर चालवायचा नाही. आईनं विचारलं तर सांगा, मामीला दवाखान्यात न्यायला माणूस पाहिजे होता.

ता. क. दुसरा. हे पत्र ज्यानं तुमच्या हातात दिलं, तोच. त्याला आधी आत घ्या, मग वाचा. आज सकाळी इथं शिबिरात त्याचं ऑपरेशन झालं आणि मी बाहेरच्या बाकावर बसून हे लिहिते आहे. काल तो स्वतःच शबीनाकडं गेला. दोनच गोष्टी विचारल्या: ट्रॅक्टर कधी चालवता येईल, आणि बहीण आत येणार नाही ना. पुढचे तीन महिने काय काळजी घ्यायची तेही त्याला शबीनानंच सांगितलं. तेवढा वेळ मी भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचत होते, आता तोंडपाठ आहे. वहिनी त्याच्याजवळ बसली आहे. वर्षभरात पहिल्यांदा मी तिला खुर्चीला पाठ टेकून बसलेली पाहिली. गुलजारचाचा दोघांना टेम्पोत पुढं बसवून सावकाश आणतील.

ता. क. तिसरा. वर आईला खोटं सांगायला लिहिलं ते खोडते आहे. कारखान्यावर माईक घेऊन उभं राहायचं आणि घरी मामीचा गुडघा पुढं करायचा, हे मला शोभत नाही. दादाला विचारलं, सांगू का? म्हणाला, "तूच सांग. तुला मोठ्यांदा सांगायची सवय हाय." आई फोनवर बरंच बोलली, ते लिहीत नाही. माझ्याशी बोलणार नाही म्हणाली, आणि लगेच विचारलं, "जेवला का त्यो?" तुमच्याकडं ती भांडायला येते आहे की त्याला बघायला, हे मी सांगू शकत नाही. पण तुमच्यावर खोटं बोलायची वेळ मी ठेवलेली नाही. तिला सगळं सांगून टाकलं आहे, आणि दोन्ही नातींना घेऊन चारच्या एसटीनं निघ, हेही सांगितलं आहे.