गाडीमागचं पाणी

सासूबाई,

आम्ही निघताना प्रवास सुखाचा व्हावा म्हणून तुम्ही रिवाजाप्रमाणे गाडीमागे घागरभर पाणी ओतलंत. तिथेच माझी पिशवी होती. लग्नाच्या वाढदिवसाच्या सहलीत लिहिणार नाही, असं लुबेनला कबूल केलेलं. म्हणून पिशवीतली हाताने लिहिलेली कादंबरी डिकीत चोरून टाकणार होते. मला धड ओरडताही आलं नाही.

आता सोझोपोलच्या हॉटेलात बाथरूमचं दार लावून, शाई पसरलेली पानं टॉवेलवर वाळवतेय. बाहेर लुबेन विनवतोय, "अगं, आजचा दिवस तरी आमची हो!" रालित्सा "आई, आई" करत दारावर लाथा मारतेय.

हे पत्र टाकायची हिंमत नाही, तरी विचारते. उद्या मी एकटीच निघाले, तर माझ्यामागे पाणी ओताल?

तुमची सून,
स्नेझा