जातो म्हणू नये

१ मार्च

आलो एकदाचा! खोली तिसऱ्या मजल्यावर. एक खिडकी, एक टेबल, आणि नळ असा की पाण्याआधी खोकतो. नोकरी झकास आहे. दुकानांची, बेकऱ्यांची समाजमाध्यमांवरची पानं सांभाळायची. महिन्याभराचा मजकूर एका दिवसात लिहायचा आणि वेळ लावून ठेवायचा. मग तो आपोआप जातो आणि गिऱ्हाइकाला वाटतं, बेकरीवाला सकाळी उठल्या उठल्या आपलीच आठवण काढतोय.

निघताना घाईत आईला ‘जातो’ म्हणालो. तिने दारातून मागे बोलावलं. म्हणाली, “जातो म्हणू नये. येतो म्हणावं.” बस चुकेल म्हणून मी हसून नुसता हात हलवला.

२६ मार्च

साथीमुळे सगळं बंद. ऑफिस आता याच टेबलावर. काल फोन अकरा तास हातात होता, त्यानेच सांगितलं. आईचे निरोप म्हणजे रोज कुणीतरी गेल्याची बातमी, नाहीतर वाफ कशी घ्यावी याचे धडे. वाचून छातीत धडधडायला लागलं. ऑफिसातल्या एकीने सल्ला दिला, घरचे निरोप मुके करून टाक, जिवाला शांतता मिळेल. केले.

पण आईला उत्तर तर हवं. मग आपलीच विद्या कामाला लावली. महिन्याभराचे निरोप लिहून सकाळी सातची वेळ लावली. ‘मजेत आहे. जेवलो.’ ‘वा, छान! अशीच हसत राहा.’ ‘आज कामात आहे, उद्या नक्की बोलू.’ अतिशहाणा, दुसरं काय.

९ एप्रिल

बेकरीच्या पावाच्या फोटोला दोन हजार लोकांनी बदाम दिले. चाळीस वेळा तरी उघडून पाहिलं. दोन दिवसांत तोंडातून शब्द निघालेला नाही, हे मघाशी नळाला शिवी दिली तेव्हा कळलं. आईशी बोलायचं राहतंय. उद्या नक्की.

१६ एप्रिल

शेजारच्या काकूंचा फोन आला. आई गेली. दोन दिवस दवाखान्यात होती. काकू मला कळवणार होत्या, तर आईनेच अडवलं. म्हणाली, तो कामात आहे, पण रोज सकाळी न चुकता लिहितो हो. रस्ते बंद आहेत. शेवटचं तोंडही दिसणार नाही. तिचा फोन काकूंनी बंद करून कपाटात ठेवलाय.

१७ एप्रिल

तिचे निरोप आज उघडले.

तिने लिहिलंय, ‘खोकला थांबत नाही रे.’ त्याखाली, सकाळी सातला, मी: ‘वा, छान! अशीच हसत राहा.’

‘दम लागतोय. एकदा फोन करतोस?’

मी: ‘आज कामात आहे, उद्या नक्की बोलू.’

‘बरं बाळा. सावकाश कर.’

हे मी माझ्या आईला सांगितलं. वेळ लावून ठेवलेले माझे उरलेले सगळे निरोप पुसून टाकले आणि जमिनीवर बसून रडलो.

२० एप्रिल

सकाळी सातला निरोप गेला. पुसलेला होता तो. ‘मजेत आहे. जेवलो.’

खाली तिचं उत्तर — ‘खोटं बोलू नकोस. तीन दिवस पोटात काही नाही तुझ्या.’

खरं आहे. काकूंना विचारलं. फोन कपाटातच आहे. बंद.

२१ एप्रिल

माझा फोन बंद करून चादरीत गुंडाळला. सातला आतून वाजला.

‘ताप आलाय ना?’

आलाय. भीती वाटते. आणि — सांगायला लाज वाटते — बरंही वाटतं. कुणीतरी विचारलं.

२२ एप्रिल

आज स्वतः लिहिलं. पहिल्यांदाच. आई, चुकलो.

ती लिहिते आहे, असं दिसत राहिलं. तासभर. मग एकच शब्द —

‘येते.’

२३ एप्रिल

सातला पाच कमी. दम पुरत —

खोकला. नळ नाही, नळ बंद आहे — जिन्यात —

तिचाच. प्रत्येक पायरीवर थांबते, गुडघे दुखतात तिचे —

दाराशी. हाक मारत नाही. मी कामात असेन म्हणून थांबली —

वही टेबलावर ठेवतो. काकूंना द्या. दार उघडायला जा — नाही. आई, येतो म्ह