तिळाचा लाडू आणि विलासचा घोडा

व्हिटबी, ऑन्टारिओ
१८ फेब्रुवारी २०१८

तीर्थस्वरूप पद्मजामावशीस,

कस्तुरीचा वाकून नमस्कार. (मागच्या आठवड्यात बर्फावरून घसरून आपटल्यापासून खरं तर वाकता येत नाही, तेव्हा उभ्यानेच गोड मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतोय? काकांना नवी कवळी बसली का, की अजून डबीतच? सांगलीत आता दुपारी पंखा लागत असेल. इथे सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून आत आले, चहा टाकला, बाहेर बघते तर पुन्हा पांढराशुभ्र. उल्हास मजेत. ओजसला काहीही विचारलं तरी 'फाइन' म्हणतो, म्हणजे तोही मजेत असावा.

संक्रांतीला आई तुझ्या लाडवांबद्दल 'सोबत हातोडी पण द्यायची होतीस' असं बोलली, तेव्हापासून तुम्ही दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नाही आणि तू म्हणे आता लाडवांना हातच लावणार नाहीस, हे सगळं मला कळलंय. मी त्यात पडणार नाही. पडताच येत नाही, कारण दुसऱ्याच्या भानगडीत तोंड न घालणं हाच सध्या माझा अभ्यासक्रम आहे.

तू मागे विचारलं होतंस, की चांगली कंप्युटरची नोकरी सोडून पंचेचाळिशीत ही कॉलेजला काय जाते? तर मी समुपदेशक व्हायला शिकतेय. लोक येऊन मनातलं बोलतात आणि आपण ऐकायचं. दोन वर्षांचं मास्टर्स, शेवटी एका केंद्रात खऱ्या माणसांबरोबर प्रॅक्टिकम, आणि तिथल्या सुपरवायझर बाईंनी सही केली तरच लायसन्सच्या वाटेला लागायचं. वाटलं, हे तर आपल्या घराण्यात जन्मजात आहे! दुसऱ्यांचे प्रश्न सोडवण्यात आपल्या बायकांचा हात कोण धरणार? तिथेच तर घोडं पेंड खातं. इथे सल्ला द्यायचा नाही. अजिबात नाही. माणसाने आपली वाट आपण शोधायची, आपण फक्त शेजारी बसायचं. आणि तो गप्प झाला तर आपणही गप्प. आता मला सांग, आपल्या घरात कुणी गप्प बसलं की आपण सोडतो का त्याला? 'काय बिनसलंय, जेवलास का, कोण काय बोललं' करून बोलतं करतोच ना?

माझ्याकडे पहिल्या बाई आल्या, त्यांना झोप येत नव्हती. मी दुधात जायफळ उगाळून घ्यायला सांगितलं. दुसरी मुलगी आईशी भांडली होती. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता फोन लाव, मी थांबते. तिसरे गृहस्थ रडायला लागले, तर टिश्यूचा खोका पुढे करायच्या ऐवजी मी पर्समधली चकली काढून दिली. (रडणं थांबलं, हे मात्र कुणी लक्षात घेतलं नाही.) हे सगळं, त्या लोकांच्या परवानगीने, टेप होतं. हेदर म्हणजे आमची सुपरवायझर, उंच, सडपातळ, बोलायच्या आधी जपमाळ ओढून झाल्यासारखी थांबणारी बाई. तिने जायफळाचा तुकडा पुन्हा पुन्हा लावून मला ऐकवला आणि शांतपणे म्हणाली, 'कस्तुरी, यू आर रेस्क्यूइंग देम.' पुढच्या टेपमध्ये एक जरी सल्ला सापडला तर सही नाही, प्रॅक्टिकम पुन्हा पहिल्यापासून. अगं, मी गाडीत बसून चक्क रडले. नोकरी सोडलेली, सगळ्या मराठी मंडळात पेढे वाटून झालेले, आणि नापास कशात, तर गप्प बसण्यात!

मग घरी सराव सुरू केला. उल्हासने विचारलं, मीठ कुठंय? मी म्हटलं, मीठ सापडत नाही तेव्हा तुला एकटं वाटतं का? तो बिचारा अळणी भाजी खाऊन उठला. ओजसच्या समोर मान हलवत, डोळ्यांत डोळे घालून बसले तर 'मॉम, यू आर क्रीपिंग मी आउट' म्हणत बेसमेंटमध्ये पळाला.

परीक्षेचा दिवस आला. ज्याची टेप हेदर बघणार होती त्याचं नाव गुप्त असतं, म्हणून आपण त्याला विलास म्हणू. (तांबड्या दाढीचा, दारातून वाकून आत येणारा माणूस आहे. विलास त्याला शोभत नाही, पण चालवून घे.) त्याचं दुःखही मी सांगायचं नाही. तेव्हा असं समज, की त्याचा एक घोडा होता, लहानपणापासून बरोबर वाढलेला, आणि एका फालतू शब्दावरून तो घोडा घर सोडून गेला. मला ती हकिकत त्याच्या फॉर्मवरून आधीच थोडी माहीत होती, आणि घोड्याला काय लिहावं, कुणाला मध्यस्थ घालावं, सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. आत जायच्या आधी रुमाल शोधायला पर्समध्ये हात घातला तर तू संक्रांतीला पोस्टाने पाठवलेला लाडू! म्हटलं, तोंडात काहीतरी असलं की जीभ आवरेल. अख्खा टाकला.

मावशे, काय पाक केला होतास गं! वरची दाढ खालच्या दाढेला अशी काही चिकटली की जबडा मिटला तो मिटलाच. विलास म्हणाला, कुठून सुरुवात करू? मी म्हणाले, 'म्म.' तो गप्प. मीही गप्प, करते काय? एरवी मी अशा वेळी जीव दिला असता. मग त्याने स्वतःहूनच सुरुवात केली, आणि घोड्याबद्दल इतकं बोलला, इतकं बोलला! मध्येच एक तीळ माझ्या घशात गेला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्याला वाटलं मी त्याच्यासाठी रडतेय, आणि तो पोरासारखा हुंदके देऊन रडला. खरं सांगू? तोवर लाडू निम्मा विरघळला होता, बोलता आलं असतं. पण मला बोलावंसंच वाटेना. इतका मोठा माणूस आणि त्याचं कुणी कधी ऐकूनच घेतलं नव्हतं. नंतरचं पाणी तिळाचं नव्हतं गं. जाताना तो बूट चढवत म्हणाला, मला कळलंय काय करायचं ते.

हेदरने टेप पाहिली. मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तर हात वर करून म्हणाली, 'डोन्ट एक्सप्लेन.' आणि सही केली! मी केंद्राच्या पार्किंग लॉटमध्ये, बर्फात, एकटीच नाचले. (पाठीचं दुखणं तिथलंच आहे.) तू इथे असतीस तर तुला उचलून फिरवलं असतं.

काकांना नमस्कार.

तुझी,
कस्तुरी

ता. क. : आता मुद्द्याचं. मे महिन्यात माझी मैत्रीण उल्का सांगलीहून इकडे येतेय. तिच्याबरोबर मोठा डबा भरून लाडू पाठव. पाक तसाच हवा, जरासुद्धा मऊ नको. लायसन्ससाठी अजून पुष्कळ माणसं ऐकायची आहेत.

ता. क. २ : हेदरला सगळं कळलं होतं. टेपमध्ये सुरुवातीला 'कडाम्' असा आवाज आलाय म्हणे. तिला छोटा डबा वेगळा हवाय, तिची सासू ईस्टरला राहायला येणार आहे. (ईस्टर मेच्या आधी आहे, तेव्हा तिचा पोस्टाने पाठव.)

ता. क. ३ : हे सांगायची मला परवानगी नाही. विलासच्या घोड्याने गेल्या रविवारी फोन उचलला. आधी दोघंही नुसते गप्प होते, मग हसायला लागले. आई संध्याकाळी सातनंतर घरीच असते. हा सल्ला नाही.